गाठीचं वय

माझा उजवा डोळा खाली उतरला, हे मला गावच्या न्हाव्यानं सांगितलं. घरात सांगणारं कोणी असतं तर त्याच्यावर ही पाळी आली नसती.

गाव आमचं अर्जुनी मोरगावच्या जंगलपट्टीत. बस थांबते तिथं त्याची टिनाची टपरी आहे. दर इतवारी मी दाढीला जातो, कारण घरी आरसा नाही. पहिले होता. खांबाला टांगलेला, कडेला बायकोच्या टिकल्या चिकटवलेल्या. ती वारली त्या दिवशी शेजारच्या बायांनी तो उतरवून नेला. मागून आणून देत होत्या, तर मीच म्हटलं, राहू द्या, म्हाताऱ्याले आरसा कायले पायजे. लेकरू आम्हाला झालं नाही. तेव्हा माझं तोंड पाहणारं माणूस हप्त्यातून एकच, अन् त्याच्याही हातात वस्तरा.

"मामा, मान सीधी ठेवा," तो म्हणाला.

"सीधीच आहे."

"मान सीधी आहे, पण डोरा खाली आहे तुमचा. उजवा. डाव्यापेक्षा दोन तांदूळ खाली उतरून राहिला."

"तू दाढी कर गा. डोरे मोजायले नाही बसवलं तुले."

त्यानं ऐकलं नाही. साबणाचं बोट माझ्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला, पापणीच्या वर लावलं. "अन् हे काय आहे? इथं बोराची बी ठेवल्यासारखं लागते."

मी त्याचा हात झटकला. पण घरी येऊन स्वतः बोट लावलं. होतं. हाडाच्या आड, कडक, गोल, दाबलं तरी न दुखणारं. मी ते दिवसभर पुन्हा पुन्हा चाचपलं अन् संध्याकाळी ठरवलं, की काही नाही, हाडच आहे.

मग एक दिवस मोहाच्या झाडाकडे वर पाहिलं तर एका फांदीच्या दोन दिसल्या. डावा डोळा झाकला तर एक. उजवा झाकला तरी एकच. दोन्ही उघडले की दोन. माझा नाइलाज झाला. गोंदियाला गेलो. तिथल्या डोळ्याच्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं अन् म्हणाला, "बाबाजी, आँख के ऊपर गांठ है. यहाँ नहीं होगा, नागपूर दिखाओ. देर मत करना." मी "हव" म्हणून परत आलो अन् तीन महिने कुठं गेलो नाही. मला कोणी 'लवकर कर' म्हटलं की माझे पाय जड होतात. ही खोड माझी जुनी आहे, बायकोला ती चांगली माहीत होती. शेवटी न्हावीच म्हणाला, "मामा, आता तीन तांदूळ झाला." म्हणून गेलो.

इथं मला माझ्या कामाचं थोडं सांगावं लागेल, नाही तर पुढचं समजणार नाही.

मी चौथीपर्यंत शिकलो, तेही नापास. पण पस्तीस वर्षं लाकडाच्या डेपोत काढली. पहिले ओंडके वाहिले, मग माप घ्यायला लागलो, अन् शेवटची कितीतरी वर्षं दर्जा लावायचं काम माझ्याकडे होतं. जंगलातून सागवान येई, बिजा येई, येन येई. थप्प्या लागत. कोणता ओंडका अव्वल, कोणता दोयम, कोणता जळाऊ, हे ठरवायचं अन् तसा हातोड्याचा ठसा मारायचा. लाकडाचा दर्जा गाठीवर जातो. गाठ दोन जातीची. एक जिवंत गाठ, लाकडासोबत वाढलेली, आपल्या जागी बसलेली, तिनं लाकूड खराब होत नाही. दुसरी मेलेली गाठ, तिच्या आत कूज असते. वरून दोन्ही सारख्याच दिसतात. साहेब लोक पुस्तक घेऊन यायचे, पण शेवटी विचारायचे मलाच, "काय म्हणता, दादा?" मी साल पाहायचो, हातोड्याच्या दांड्यानं ठोकायचो, कान लावायचो. लिलावाला येणारे व्यापारी म्हणायचे, जरा भोक पाडून आत पाहू द्या. मी कधी पाडू दिलं नाही. चांगल्या लाकडाला पाहण्यासाठी भोक पाडलं की त्याच भोकातून पाणी शिरते, अन् जे नव्हतं ते होते.

एवढ्या वर्षांत खोट्या दर्जाचा ठसा मी एकदाही मारला नाही. लोक मला हेकट म्हणत. म्हणोत. 

तर नागपूर. मोठा दवाखाना, सकाळी नंबर लावला तर दुपारी लागला. डॉक्टरीणबाई चाळिशीची असेल. आवाज शहरातला, पण दमाची होती. तिनं मला वर पाहा, खाली पाहा, कडेला पाहा केलं. एक पट्टी डोळ्याच्या बाजूच्या हाडाला टेकवून डोळा किती पुढे आला ते मोजलं. कापसाची वात करून कपाळावर फिरवली अन् विचारलं, दोन्हीकडे सारखं लागतं का. कानाच्या पुढे, गळ्याखाली चाचपलं. मला बरं वाटलं. मीही असंच करायचो, हात लावल्याशिवाय तोंड उघडत नव्हतो.

"दुखतं का, काका?"

"नाही."

"ठणकतं? झोपताना जड वाटतं?"

"नाही म्हटलं ना."

"खरंच दुखत नाही, की सांगत नाही? पुरुषमाणसं सांगत नाहीत."

"बाई, माझ्या पायावर सागवानाचा ओंडका पडला होता, तेव्हा दुखलं होतं. हे दुखत नाही."

ती हसली. लिहिलं. मग म्हणाली, "बरं. किती दिवसांपासून आहे?"

मी म्हणालो, "चार-पाच महिने."

हे खोटं होतं, असं मी तेव्हा स्वतःलाही म्हटलं नसतं. न्हाव्यानं सांगितल्याला चारच्या वर महिने झाले होते, तेवढे मी मोजून सांगितले. पण तोंडातून शब्द निघाला तेव्हा मनाच्या तळाशी काहीतरी हललं. मी तिकडे पाहिलं नाही.

तिनं स्कॅन करायला लावला. मशीनमध्ये निजवतात, डोकं हलवू नका म्हणतात. माझं डोकं हलवायला कोणाच्यानं होत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं काळ्या फोटोच्या पत्र्या उजेडावर लावल्या अन् बराच वेळ पाहत राहिली. मग खुर्ची माझ्याकडे फिरवली.

"काका, तुमचा फोटो एक सांगतोय अन् तुम्ही दुसरं."

मी विचारलं, कसं काय. तिनं मला सगळं समजावून सांगितलं. चौथी नापास आहे म्हणून वरवर नाही सांगितलं. डोळ्याच्या वर, बाहेरच्या कोपऱ्यात, हाडाच्या खोबणीत बदामाएवढी एक ग्रंथी असते. आसवं तिथं तयार होतात. माझी गाठ त्या ग्रंथीतली. तिथं येणाऱ्या गाठी एका जातीच्या नसतात, अन् प्रत्येक जातीचा इलाज वेगळा. एक नुसती सूज असते, काही दिवसांत येते, लाल होते, दुखते, औषधानं उतरते. एक म्हाताऱ्या माणसांत येते, मऊ, डोळ्याला ओल्या मातीसारखी लिंपून बसणारी. तिचा तुकडा तपासतात, मग मशीनच्या किरणांचा शेक देतात. एक वाईट, महिन्यांत वाढणारी, दुखणारी, कपाळ बधिर करणारी, हाड खाणारी. तिचाही आधी तुकडा घ्यावा लागतो, मग पुढचा मोठा इलाज. अन् एक असते वर्षानुवर्षं हळू वाढणारी, न दुखणारी, आपल्या सालीत गुंडाळलेली.

"तिचा तुकडा घ्यायचा नसतो," ती म्हणाली. "साल फुटली की आतलं बाहेर सांडतं, अन् काही वर्षांनी ती परत येते, जागोजागी. कधी वाईट होऊन येते. ती अख्खी काढायची. साल न फोडता."

मी म्हटलं, "चांगल्या ओंडक्याले भोक नाही पाडायचं."

तिनं मान हलवली. "तसंच काहीतरी."

मग तिनं पत्रीवर पेनाचं टोक ठेवलं. "हे बघा. तुमच्या हाडाला खळगा पडलाय, गुळगुळीत. हाड खाल्लेलं नाही, दबलंय. असा खळगा चार महिन्यांत पडत नाही, वर्षं लागतात. पण तुम्ही म्हणता चार-पाच महिने. एवढ्या थोड्या दिवसांत एवढी वाढली असेल तर मी तिला चांगली समजू शकत नाही. मला तुकडा घ्यावा लागेल. म्हणून नीट आठवून सांगा. कधीपासून?"

वेलानं झाड आवळलं की बुंध्याला खोच पडते, तिला वर्षं लागतात. वाळवी एका पावसाळ्यात खाऊन टाकते. खोच कोणती अन् वाळवी कोणती, हे मी लहान पोरालाही शिकवलं असतं. तरी मी म्हणालो, "न्हाव्यानं पाहिलं तेव्हापासून."

"न्हाव्यानं? घरच्यांनी नाही?"

"घरी कोणी नाही."

तिनं तेही लिहून घेतलं. मग म्हणाली, जुने फोटो आणा. जेवढे असतील तेवढे. चेहरा समोरून दिसणारे. आम्ही असंच गाठीचं वय काढतो.

उठताना मला एक विचारावंसं वाटलं. बायको गेली तेव्हा माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नव्हतं. भादव्यात ताप आला अन् चार दिवसांत गेली. लोकांनी पाहिलं, बोलले, मी ऐकलं. आतून मला त्याचा अभिमानच होता, की मी ढळलो नाही. पण आता ही बाई म्हणते, आसवाच्या जागेवरच गाठ बसली आहे. मी विचारलं, "मग आसवं येत नसतील तर या गाठीनंच ना?"

ती म्हणाली, "नाही काका. आसवं एवढ्यानं अडत नाहीत. आणि डावा डोळा तर चांगला आहे ना तुमचा?"

मी टोपी घातली अन् निघालो.

साकोलीला बस बदलून घरी आलो. पत्र्याची पेटी ओढली. आमच्या घरी फोटो असायचे किती? मतदानाच्या कार्डावर एक आहे, त्यात मी आहे की दुसरा कोणी, हे तेव्हाच्या तहसीलदारालाही सांगता आलं नसतं. पेन्शनच्या कागदावर नवरा-बायकोचा जोडीनं फोटो लागतो, तो होता. आठ वर्षांपूर्वीचा. खिडकीजवळ नेऊन पाहिला. दोन्ही डोळे एका रेषेत, थप्पीला दोरी लावून जुळवल्यासारखे. तिनं डोईवर पदर घेतलेला, भ्यालेली.

पेटीच्या तळाशी, तिच्या लुगड्याच्या घडीत दुसरा फोटो होता. तो तिथं आहे हे मला माहीत होतं. मीच ठेवला होता, पालथा करून. बाहेर काढला, पण सुलटा केला नाही. तसाच मांडीवर घेऊन बसलो. कोंबडी घरात शिरली तरी उठलो नाही.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. महाशिवरात्रीची, आमच्या अर्जुनीकडच्या प्रतापगडची जत्रा. तिला डोंगर चढवत नव्हता तरी चढली, देवाला जाऊन आली, दर्ग्यावरही माथा टेकला. तिला जेवढे देव तेवढे कमी. खाली उतरल्यावर म्हणाली, फोटो काढू. फोटोवाल्यानं मागं पडदा टांगला होता, त्यावर बर्फाचा डोंगर. आम्ही घामाघूम, अन् मागं बर्फ. मी म्हटलं, कायले पायजे फोटो. ती म्हणाली, "पेन्शनीच्या फोटोत मी भेलेली दिसतो. एक हासरा पायजे."

उभे राहिलो. फोटोवाला गोंदियाकडचा पोऱ्या, हिंदीत म्हणाला, "चाचा, सीधा देखो. कैमरे में."

"सीधाच पाहून राहिलो."

"नहीं चाचा, एक आँख नीचे जा रही है."

मागं रांग लागली होती. लोक हसले. मी तापलो. अन् तेवढ्यात ती, माझ्याकडे वळून, माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणते, "अजी, खरंच. हा उजवा डोरा काऊन खाली पाहून राहिला तुमचा? अन् पापणी पण फुगून राहिली."

"तुमच्या दोघाईचेच डोरे वाकडे!" मी सगळ्यांसमोर ओरडलो. "मी सीधाच पाहून राहिलो!"

त्यानं घाबरून बटण दाबलं. तोच हा फोटो.

गावाला येईपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही. ती मात्र दोन दिवसांनी, भाकर वाढताना, पुन्हा म्हणाली, "एकदा दाखवून या ना जी डॉक्टरले."

"तुले बराबर दिसत नाही. तूच दाखव."

"हो जी. माझ्याच डोऱ्यात खोट आहे," ती म्हणाली. रागानं नाही, हसून. त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. पण जेवताना ती माझ्या उजव्या बाजूला बसायची अन् पाहायची. मी तिरपा झालो की पाहणं थांबवायची. सहा महिन्यांनी तीच गेली.

म्हणून मी डॉक्टरीणबाईला चार-पाच महिने सांगितले. तीन वर्षं सांगायची म्हणजे सांगावं लागणार, की बायकोनं पाहिलं होतं, सांगितलं होतं, अन् ज्याला लाकडातली गाठ ठोकून कळत होती त्यानं तिला जत्रेत चार लोकांत वाकडी म्हटलं.

फोटो मी शेवटी सुलटा केलाच नाही. दोन्ही कागदात गुंडाळून सदऱ्याच्या खिशात घातले. पेन्शनचा वर, जत्रेचा खाली.

पुढच्या हप्त्यात जायचं होतं. दवाखान्यातून सांगितलं होतं, की ऑपरेशन ठरेल तर सोबत नातेवाईक पायजे, सही लागते. मी कोणाला म्हणणार? न्हाव्यालाच म्हटलं. त्यानं टपरी बंद केली, स्वच्छ शर्ट घातला अन् बसमध्ये खिडकीची जागा स्वतः घेतली. भंडाऱ्यापर्यंत बोलत होता, मी ऐकत नव्हतो. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवरच्या बाबूनं त्याला विचारलं, "पेशंटशी नातं काय?"

"न्हावी," तो म्हणाला.

"नातं विचारलं, धंदा नाही."

"नातंच सांगून राहिलो, साहेब. दर इतवारी यांचा गळा माझ्या हातात असते. आणखी कोणतं जवळचं नातं पायजे?"

बाबूनं 'शेजारी' लिहिलं.

आत गेलो. मी खिशातून पेन्शनचा फोटो काढून दिला. बाईनं तो भिंगाखाली धरला, पट्टी लावली. "आठ वर्षांपूर्वी सरळ आहे. म्हणजे त्यानंतरची. मधला एखादा नाही?"

"नाही."

"लग्नकार्यातला? कोणाच्या मोबाईलमध्ये?"

"नाही म्हटलं ना."

तिनं सुस्कारा टाकला. "ठीक आहे. मग मी धोका नाही घेणार. सोमवारी तुकडा घेऊ." अन् तिनं पेन उचललं.

मी ते पेन पाहत होतो. लिहिलं की तो ठसा झाला. चुकीच्या दर्जाचा ठसा, अन् मारणारा हात तिचा असला तरी माप मी दिलेलं. डेपोत एखाद्या पोरानं असं माप दिलं असतं तर मी त्याला थप्पीवरून खाली उतरवलं असतं. गाठ कशी का असेना, डोळा जावो की राहो, पण मी खोटं माप देतो, हे मला सहन होईना. माझ्या अंगात जो ताठा आहे त्यानंच मला इतके दिवस गप्प बसवलं होतं. तोंडही त्यानंच उघडलं. चांगुलपणा म्हणावा तर तो माझ्यात तेवढा नाही.

"थांबा बाई," मी म्हणालो. "आणखी एक आहे."

तिनं पेन खाली ठेवलं. मी फोटो दिला, पालथाच. तिनं सुलटा करून भिंगाखाली धरला. न्हावी मान लांब करून पाहायला लागला.

"हा कधीचा?"

"तीन वर्षं झाली. महाशिवरात्रीचा."

"काका, यात डोळा उतरलेला आहे. स्पष्ट दिसतोय. पापणीसुद्धा भरलेली." तिनं माझ्याकडे पाहिलं. रागावेल वाटलं होतं, रागावली नाही. "तेव्हा कोणाच्या लक्षात नाही आलं?"

"आलं होतं."

"कोणाच्या?"

मी खाकरलो. "बायकोच्या. ती म्हणाली, दाखवून या. मी म्हटलं, तुलेच दिसत नाही."

न्हाव्यानं लांब केलेली मान मागं घेतली.

बाईनं फोटो पुन्हा भिंगाखाली घेतला. मग म्हणाली, "म्हणूनच काकू कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. तुमच्या डोळ्याकडे बघतायत."

मी फोटो हातात घेतला. तीन वर्षांत पहिल्यांदा सुलटा पाहिला. त्या दिवशी फोटो हातात पडला तेव्हा मी तिला म्हटलं होतं, तुझ्यामुळं बिघडला, समोर पाहता येत नाही का. ती माझ्याकडे वळलेली, भुवया आखडलेल्या. फोटोत हसायचं ठरवून आली होती, ते राहूनच गेलं. अन् मी कॅमेऱ्याकडे डोळे वटारून, एक सरळ, एक खाली.

बाईनं आधीचं खोडलं अन् नवीन लिहायला लागली. इंग्रजीत. मी विचारलं, काय लिहिलं. ती म्हणाली, तीन वर्षांपासून, हळूहळू वाढणारी, न दुखणारी, हाडाला खळगा पण हाड शाबूत. तुकडा घ्यायचा नाही, अख्खी काढायची. पक्कं काय ते काढल्यावर तपासणीत कळेल, पण आता माझा कौल चांगल्या जातीचा आहे.

"अन् पहिले कोणं पाहिलं, ते लिहिलं का?"

"लिहिलंय. पत्नीच्या लक्षात आलं."

"ते मराठीत लिहा."

"कागद इंग्रजीतच असतो, काका."

"एवढी एक ओळ मराठीत लिहा. मले वाचता आली पायजे."

तिनं लिहिली.

ऑपरेशन झालं. भुवईखालून, बाजूचं हाड थोडं उघडून. दोन दिवस डोळ्यावर पट्टी. न्हाव्यानं माझी दाढी तिथंच वॉर्डात केली, शेजारच्या दोन पेशंटांचीही केली. गाठ साल न फुटता निघाली, असं बाईनं स्वतः येऊन सांगितलं. लहान बोराएवढी होती म्हणे. काही दिवसांनी तपासणीचा कागद आला. चांगल्या जातीचीच निघाली. तरी दर वर्षी दाखवायचं आहे. मी जातो.

डोळा आता रेषेत आला. दोन फांद्या दिसत नाहीत. पण गाठीसोबत आसवाची ग्रंथीही बरीच गेली, म्हणून उजवा डोळा कोरडा पडतो, रेती गेल्यासारखा कचकचतो. दिवसातून चार वेळा औषधाचे थेंब टाकायचे. दुसऱ्यानं टाकले तर बरं, असं तिथल्या नर्सबाईनं सांगितलं होतं, अन् दुसरं नसेल तर आरशात पाहून टाका.

आरसा मी विकत आणला नाही. शेजारणीकडचा जुना परत मागितला नाही. जत्रेचा फोटो तेवढा अर्जुनीला नेऊन काचेत बसवून आणला अन् आरशाच्या खिळ्याला टांगला. दवाखान्याचा कागद त्याच्यामागं ठेवला आहे. ती शाळेत गेली नव्हती. तिनं सांगितलेली गोष्ट कागदावर चढली अशी ती एकच, अन् तीही तिला वाचता आली नसती.

सकाळी बाटली घेऊन फोटोसमोर उभा राहतो. काचेत माझं तोंड दिसते, फिकट, तिच्या तोंडाच्या वरून. मान मागं करतो, पापणी ओढतो. पहिला थेंब बहुतेक गालावर पडतो. पुसतो अन् परत टाकतो.